मोठं नगेट खोल आहे आणि मशीन गप्प आहे: खोली नेमकी कुठे हरवते?

ही तक्रार जवळजवळ नेहमी एकाच रूपात येते. सोनं शोधायचा मेटल डिटेक्टर चांगला आहे, महागाचा आहे. वरच्या चार बोटं मातीतला छर्रा, खिळा, अगदी तांदळाच्या दाण्याएवढं सोनंसुद्धा तो पकडतो. हवेत अंगठी धरली तर हातभर अंतरावरून आवाज देतो. पण ज्या जागेतून पूर्वी मोठी नगेट्स, म्हणजे सोन्याचे नैसर्गिक तुकडे, निघाली आहेत, तिथे फूटभराच्या खालून काहीच येत नाही. मग शंका सुरू होतात. मशीन बिघडलंय, सेटिंग चुकतंय, की खाली सोनंच नाही?

आधी सरळ उत्तर देतो, म्हणजे अपेक्षा जागेवर राहील. चांगल्या पल्स इंडक्शन, म्हणजे पीआय मशीनला एक ग्रॅमचा दाणा साधारण वीतभर खोलीवर ऐकू येतो. एक औंसाचं, म्हणजे ३१ ग्रॅमचं, घट्ट नगेट ३५ ते ४५ सेंटिमीटरवर. किलो-दोन किलोचं नगेट पाऊण मीटरवर आणि सगळं जुळून आलं तर मीटरभरावर. माती वाईट असेल तर या आकड्यांतून बराच हिस्सा वजा करावा लागतो. सुट्या नगेटसाठी तीन मीटर, पाच मीटर असे आकडे कोणी सांगत असेल, तर ते हातात धरून चालवायच्या कुठल्याही डिटेक्टरचे नाहीत.

सहाव्या घाताचा हिशेब

हा हिशेब एकदा डोक्यात बसला की पुढचं निवारण सोपं होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

कॉइलमधून, म्हणजे दांड्याच्या टोकाला असलेल्या तारेच्या वेटोळ्याच्या तबकडीतून, निघालेलं चुंबकीय क्षेत्र कॉइलच्या त्रिज्येच्या बरंच पलीकडे गेलं की अंतराच्या तिसऱ्या घाताने घटत जातं. ते नगेटपर्यंत पोचतं, तेव्हा सोन्यात वीज गोल फिरू लागते. या एडी करंटचं स्वतःचं छोटं क्षेत्र तयार होतं आणि तेही वर परत येताना पुन्हा तिसऱ्या घाताने घटतं. जाणं-येणं मिळून सहावा घात झाला. खोली दुप्पट केली की कॉइलपर्यंत परत येणारा संकेत चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो.

दुसऱ्या बाजूने, हा संकेत ढोबळमानाने नगेटच्या आकारमानाबरोबर वाढतो. म्हणजे दुप्पट खोलीवरून तेवढाच आवाज यायला नगेट चौसष्ट पट वजनाचं हवं. ३१ ग्रॅमचं नगेट ४० सेंटिमीटरवर ऐकू येत असेल, तर ८० सेंटिमीटरवर तसंच ऐकू यायला सुमारे दोन किलोचं नगेट लागेल. मोठं नगेट म्हणजे आपोआप खूप खोली, हा समज इथेच निघून जातो.

याच हिशेबाची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. मशीनची संवेदनशीलता दुप्पट केली, तर ४० सेंटिमीटरचे फक्त ४५ होतात. आणि तुम्ही कॉइल जमिनीपासून पाच सेंटिमीटर उचलून फिरवली, तर त्याच खोलीवरच्या नगेटचा निम्मा संकेत गेला. नवीन मॉडेलवर खर्च करून जेवढं मिळवायचं, तेवढं कॉइल गवताच्या शेंड्यांवरून फिरवल्यामुळे रोज जातं. म्हणून मशीन बदलायच्या आधी ही पाच-पाच सेंटिमीटर कुठे गळतात ते शोधायचं.

नोंदलेले मोठे शोधही हेच सांगतात. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात, मोलियागुल इथे जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना वेलकम स्ट्रेंजर सापडलं. शुद्ध सोनं सुमारे ७२ किलो, आणि ते पृष्ठभागाखाली जेमतेम तीन सेंटिमीटरवर होतं. १९८० मध्ये त्याच व्हिक्टोरियात, किंगोवरजवळ केविन हिलियर यांना डिटेक्टरने मिळालेलं हँड ऑफ फेथ २७ किलोचं होतं, खोली सुमारे ३० सेंटिमीटर. २०१३ मध्ये बॅलरॅटजवळ पीआय मशीनने साडेपाच किलोचं नगेट निघालं, ते सुमारे ६० सेंटिमीटरवरून. याउलट १८५८ मध्ये बॅलरॅटमध्येच मिळालेलं ६९ किलोचं वेलकम नगेट खाणीत सुमारे ५५ मीटर खोल होतं. वरून चालत जाणाऱ्या कुठल्याही मशीनला, आजच्यासुद्धा, त्याचा पत्ता लागला नसता.

हवेतली चाचणी विसरा

पहिली गळती चाचणीतच असते. हवेत माती नसते, म्हणून तिथे मिळालेलं अंतर जमिनीत कधीच मिळत नाही. सोनं असलेल्या जमिनीत बहुधा लोहखनिजंही असतात. मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट यांचे बारीक कण कॉइलला सतत उत्तर देत राहतात, आणि कॉइलच्या अगदी जवळ असल्यामुळे त्यांचं उत्तर खोलवरच्या नगेटपेक्षा कितीतरी मोठं असतं. तांबड्या, जांभ्याच्या, लोहखड्यांच्या जमिनीत हा त्रास सगळ्यात जास्त.

अंगठीची चाचणी तर दुप्पट फसवी. अंगठी हे बंद वेटोळं आहे, त्यात वीज छान फिरते, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या खडबडीत नगेटपेक्षा ती खूप जोरात बोलते. नाण्याचंही तसंच. चाचणीसाठी शिशाचे तुकडे घ्या, मासेमारीच्या गळाला लावतात तसे. शिसं शुद्ध सोन्यापेक्षा बरंच कमी वीजवाहक आहे, पण निसर्गातलं सोनं शुद्ध नसतं. त्यात चांदी असते, आणि दहा टक्के चांदीनेही सोन्याची वीजवाहकता निम्म्याहून खाली येते. त्यामुळे खऱ्या नगेटच्या वागण्याशी शिशाचा तुकडा जास्त जुळतो. तो जमिनीत आडवं भोक पाडून, वरची माती न हलवता सरकवता आला तर उत्तम. खड्डा खणून पुरला तर वरची माती मोकळी होते आणि तिचं वागणं बदलतं.

या चाचणीत तुमच्या जमिनीवर जे अंतर मिळेल, तीच तुमच्या मशीनची खरी खोली. ती लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक बदल तिच्याशीच ताडून पाहायचा.

मशीनचा प्रकार

सतत लहरी सोडणारं व्हीएलएफ मशीन आणि ठोके सोडणारं पीआय मशीन यांच्यातला फरक इथे निर्णायक आहे. व्हीएलएफ सोडत असतानाच ऐकतं, त्यामुळे खनिजयुक्त मातीचा गोंगाट संकेतात थेट मिसळतो. ४५ किलोहर्ट्झ किंवा ७१ किलोहर्ट्झवर चालणारी सोन्याची व्हीएलएफ मशीनं बारीक दाण्यांसाठी अप्रतिम आहेत, पण वाईट मातीत मोठ्या खोल नगेटसाठी ती बनलेलीच नाहीत. पीआय मशीन ठोका देऊन थांबतं, काही मायक्रोसेकंद जाऊ देतं आणि मग ऐकतं. तोवर मातीचं बरंचसं उत्तर विरलेलं असतं. तुमची जमीन तांबडी आणि लोहयुक्त असेल, हातात व्हीएलएफ असेल आणि तक्रार अर्ध्या मीटरवरच्या नगेटची असेल, तर निवारण इथेच संपतं. सेटिंग बदलून ती खोली येणार नाही.

व्हीएलएफवरच राहायचं असेल तर निदान डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळायची सोय, बंद करा. खोलवरचं सोनं खनिजांच्या गोंगाटात अनेकदा लोखंड म्हणून दाखवलं जातं, आणि लोखंड गाळायला सांगितलेलं मशीन ते मुकाट्याने गाळून टाकतं. मोठ्या सोन्याच्या शोधात संशयाचा प्रत्येक संकेत खणावा लागतो, याला पर्याय नाही.

ग्राउंड बॅलन्सची पोकळी

पीआय असूनही मोठं नगेट गप्प राहतं, यामागचं सगळ्यात दुर्लक्षित कारण हे आहे.

ठोका थांबल्यावर सोन्यातली वीज लगेच संपत नाही. ती हळूहळू विरते, आणि विरायला किती वेळ लागतो हे आकार, घट्टपणा आणि शुद्धता यांवर ठरतं. दोन सेंटिमीटर व्यासाचा शुद्ध सोन्याचा भरीव गोळा, वजन सुमारे ८० ग्रॅम, घेतला तर हा विरण्याचा वेळ, म्हणजे कालांक, जवळपास अर्धा मिलिसेकंद येतो. चार मिलिमीटरच्या गोळ्याचा सुमारे २० मायक्रोसेकंद. कालांक त्रिज्येच्या वर्गाबरोबर बदलतो, म्हणून इतका फरक.

आता खरं नगेट पाहा. ते भरीव गोळा नसतं. त्यात चांदी असते, भेगा असतात. कधी ते जाळीसारखं असतं, कधी गारगोटीत शिरांच्या रूपाने अडकलेलं असतं. अशा नगेटमध्ये विजेला फिरायला मोठी सलग वाट मिळत नाही. शंभर ग्रॅम सोनं असलेला गारगोटीचा दगड मशीनला काही ग्रॅमच्या दाण्यांच्या घोळक्यासारखा दिसतो. वजन मोठं, पण बोलणं लहान नगेटचं. असा दगड वीतभर खोलीवरही चुकू शकतो, आणि त्यात मशीनचा दोष नसतो.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. मातीतले लोहकणही ठोक्यानंतर काही काळ विरत राहतात. मशीन वेगवेगळ्या क्षणी घेतलेली मोजमापं एकमेकांतून अशी वजा करतं की मातीचं उत्तर शून्य व्हावं. हाच ग्राउंड बॅलन्स. पण ज्या नगेटचं विरणं योगायोगाने मातीच्या विरण्याशी मिळतंजुळतं असतं, त्याचंही उत्तर त्याच वजाबाकीत जवळजवळ शून्य होतं. त्याला पोकळी म्हणता येईल. या पोकळीच्या एका बाजूला छोटी, झटपट विरणारी नगेट्स असतात, दुसऱ्या बाजूला मोठी, रेंगाळणारी. अनेक पीआय मशीनवर म्हणूनच लहान सोन्याचा सूर आधी चढतो मग उतरतो, आणि मोठ्या घट्ट सोन्याचा आधी उतरतो मग चढतो. मधल्या नगेट्सचा सूर दोन्हीकडे धड जात नाही. कितीही गेन, म्हणजे संकेत मोठा करायची सेटिंग, वाढवा, शून्याचं काहीच होत नाही.

उपाय एकच: त्याच जागेवरून वेगळ्या टायमिंगने, म्हणजे ठोके आणि ऐकण्याचे क्षण ठरवणाऱ्या वेगळ्या सेटिंगने, पुन्हा जायचं. टायमिंग बदललं की पोकळी सरकते. जीपीएक्स ५००० सारख्या पीआय मशीनमध्ये सौम्य मातीसाठी नॉर्मल, गोंगाटाच्या मातीसाठी एन्हान्स, बारीक सोन्यासाठी फाइन गोल्ड अशी वेगवेगळी टायमिंग दिलेली असतात ती याचसाठी. मोठ्या, खोल सोन्यासाठी माती सहन करेल तोवर नॉर्मल, आणि थ्रेशोल्ड, म्हणजे मशीनची सतत ऐकू येणारी गुणगुण, अस्थिर झाला तरच एन्हान्स, असा क्रम मी सुचवेन. पुष्कळ जण पहिल्याच दिवशी शांत वाटणारं टायमिंग निवडतात आणि तेच कायम ठेवतात. शांतता मिळते, पण खोली देऊन.

पडलेल्या स्थितीचाही प्रश्न असतो. चपटं नगेट आडवं असेल तर त्याच्या पूर्ण पृष्ठभागावर वीज फिरते. तेच कडेवर उभं असेल तर वरून जाणाऱ्या कॉइलला फक्त धार दिसते. हँड ऑफ फेथ जमिनीत उभंच होतं असं सांगतात. ते २७ किलोचं होतं म्हणून भागलं. छोट्या चपट्या तुकड्याला ही मुभा नसते. जागा आशादायक असेल तर एकदा उत्तर-दक्षिण आणि एकदा पूर्व-पश्चिम चालून झाडून घ्यावी.

कॉइल

मोठी कॉइल खोल जाते हे खरं, पण किती? ११ इंचीवरून १८ इंचीवर गेलात, तर चाळीसेक सेंटिमीटरवरच्या नगेटसाठी पाच-सात सेंटिमीटर वाढतात. सौम्य जमिनीत ती घ्यावीत, नक्कीच. पण मोठी कॉइल मातीही जास्त पाहते आणि विजेच्या तारांचा, दूरच्या गडगडाटाचा गोंगाटही जास्त गोळा करते. खराब जमिनीत वाढलेली खोली या गोंगाटात परत जाते. बारीक सोनं तर ती सोडूनच देते. मोठी कॉइल जड असते, दोन तासांत खांदा भरून येतो, आणि थकलेला हात ती जमिनीपासून उचलूनच फिरवतो. मग सहाव्या घाताचा हिशेब पुन्हा तुमच्या विरुद्ध.

मोनो (एकच वेटोळं असलेली) आणि डबल डी (डी आकाराची दोन वेटोळी असलेली) या कॉइलच्या प्रकारांत, पीआयवर मोनो खोल जाते आणि डबल डी वाईट मातीत शांत राहते. मोनोची नजर खाली निमुळती होत जाते, म्हणून तिचे फेरे एकमेकांवर निम्मे तरी चढले पाहिजेत. पुढचं पाऊल कॉइलच्या पूर्ण रुंदीएवढं टाकलं, तर वरचा थर तपासला जातो आणि खालच्या थरात न तपासलेल्या पट्ट्या उरतात. मोठी नगेट्स चुकायचं हे अगदी साधं आणि खूप मोठं कारण आहे.

वायर दांड्याला नीट गुंडाळलेली असावी, जोडणी घट्ट असावी. ढिली वायर हलली की खोट्या हाका येतात, आणि मग माणूस गेन कमी करतो.

कान

खोलवरचं मोठं नगेट ओरडत नाही. ओरडतो तो वरचा खिळा. खोल संकेत थ्रेशोल्डच्या अखंड गुणगुणीत हलकीशी लाट आणतो, कॉइलपेक्षाही रुंद, कडा नसलेली. ती माती बदलल्यासारखी वाटते, म्हणून बहुतेक जण पुढे जातात. थ्रेशोल्ड ऐकूच येणार नाही इतका खाली ठेवला असेल तर ही लाट कधीच कळत नाही. तो नेहमी कानाला लागेल एवढा ठेवा आणि हेडफोन वापरा. वाऱ्यात उघड्या स्पीकरवर अशी लाट ऐकू येणं अशक्यच.

वेगही कमी हवा. मशीनमधले फिल्टर सावकाश येणारे बदल माती समजून पुसतात, त्यामुळे फार संथ फिरवलं तरी संकेत जातो. फार झटकन फिरवलं तर मोठ्या लक्ष्याची रुंद लाट पूर्ण व्हायच्या आत तुम्ही पुढे गेलेले असता. मशीनमध्ये फिरवण्याच्या वेगाची मोशन सेटिंग स्लो किंवा व्हेरी स्लो असेल तर त्याला जुळेल असा वेग शिशाच्या तुकड्यावरच ठरवून घ्या.

लाट आली की लगेच खणायची घाई नको. काटकोनात वळून तीच जागा पुन्हा तपासा. दोन्ही दिशांनी त्याच बिंदूवर आली तर लक्ष्य असण्याची शक्यता वाढली. मग बुटाने किंवा फावड्याने वरची पाच सेंटिमीटर माती खरवडून बाजूला करा आणि पुन्हा ऐका. खालून लक्ष्य बोलत असेल तर आवाज स्पष्ट वाढतो, कारण ४५ चे ४० झाले की संकेत दुप्पट होतो. मातीचाच खेळ असेल तर तो विखुरतो किंवा नाहीसा होतो. हॉट रॉक, म्हणजे आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळं खनिज असलेला दगड, असेल तर तो खरवडलेल्या मातीबरोबर बाजूला जातो आणि ढिगात बोलू लागतो.

अर्धा मीटर खणल्यावर संकेत एकाएकी गेला, ही तक्रारही पुष्कळ येते. आधी ढीग तपासा, लक्ष्य बाहेर फेकलं गेलेलं असू शकतं. मग खड्ड्याची भिंत तपासा, कारण रुंद संकेतात मध्यबिंदू हातभरही चुकतो. दोन्हीकडे काही नसेल तर बहुधा तो चिकणमातीचा किंवा लोहयुक्त मातीचा फुगवटा होता. खोल खड्ड्यात कॉइल घालण्यापूर्वी ग्राउंड बॅलन्स पुन्हा करा, आणि काम झालं की खड्डा बुजवा.

जिथे मशीन संपतं

इतकं करूनही मर्यादा राहतेच, आणि त्या मर्यादेपलीकडचं विकणारे लोक नेमके हताश माणसाला गाठतात. शेकडो मीटरवरून सोन्याची दिशा दाखवणाऱ्या अँटेनाच्या दांड्या, धातूचं नाव निवडायचं बटण असलेली लाँग रेंज यंत्रं, यांच्यामागे भौतिकशास्त्रात काहीही नाही. याच जातीचं एडीई ६५१ नावाचं यंत्र स्फोटकं शोधणारं म्हणून इराकपर्यंत विकलं गेलं होतं. मुळात ते गोल्फचे चेंडू शोधण्याचं म्हणून विकल्या जाणाऱ्या खेळण्यावर बेतलेलं होतं. विक्रेता जेम्स मॅककॉर्मिक याला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. अशा यंत्रांवर विसंबून माणसं मेली आहेत. सोन्याच्या बाबतीत फक्त पैसा जातो, पण तोही कुणाच्या तरी कष्टाचाच असतो.

दांड्याच्या दोन टोकांना एकेक पेटी असलेली, दोन पेट्यांची डिटेक्टर खरी आहेत आणि काही मीटरही जातात, पण ती पेटी, पाइप, पिंप अशा मोठ्या धातूसाठी. मुठीएवढं नगेट त्यांना दिसत नाही. जमिनीत शिरणाऱ्या रडारनेही सुटं नगेट शोधता येत नाही. त्याचा उपयोग झालाच तर मूळ खडक किती खोल आहे हे पाहण्यापुरता.

आणि खरी खोली मिळते ती तिथेच, मूळ खडकाशी. सोन्याची घनता १९.३, गारगोटीची २.६५. वाहत्या पाण्यात आणि सरकत्या मातीत सोनं खाली जात राहतं आणि खडकावर, त्याच्या भेगांत, चिकणमातीच्या टणक थरावर थांबतं. तीन मीटर गाळ असलेल्या मैदानात सर्वोत्तम मशीन घेऊन फिरण्यापेक्षा खडक अर्ध्या मीटरवर असलेला उतार साध्या पीआयने झाडणं मला कधीही जास्त योग्य वाटतं. जुन्या खाणकाऱ्यांनी उपसलेल्या उथळ खड्ड्यांच्या कडा आणि त्यांचे मातीचे ढीग हीही तशीच जागा. तिथे खोलीचं काम त्यांनी आधीच करून ठेवलेलं असतं, आणि ढेकळात लपलेली नगेट्स त्यांच्या नजरेतून सुटलेली असतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियात परवाना घेऊन काम करणारे लोक यंत्राने जमिनीचा पातळ थर सरकवतात, उघडी झालेली जमीन डिटेक्टरने झाडतात, पुन्हा थर काढतात. मीटरभर खोलीवरचं नगेट असं टप्प्याटप्प्याने मशीनच्या टप्प्यात येतं. हे हाताने, फावड्याने, चार-पाच मीटरच्या चौकोनातही करता येतं, जमिनीच्या मालकाची आणि खनिज खात्याची परवानगी असेल तर. एका वेळी दहा ते वीस सेंटिमीटरपेक्षा जास्त काढू नका, नाहीतर वरच्या ढिगाबरोबर सोनंही जाईल. काढलेला ढीग पातळ पसरून तोही झाडा. प्रत्येक थरानंतर ग्राउंड बॅलन्स नव्याने करा, कारण खालची माती ओली असते, तिचं खनिज वेगळं असतं, आणि वरच्या थरावर जुळवलेलं मशीन तिथे पुन्हा आंधळं होतं.